मायनस नऊ

आमच्या घराण्याला नजरेचा मोठा दिमाख. पणजोबा बडोद्याच्या फौजेत घोडदळात होते आणि लांबवर धूळ उडताना दिसली की घोडे किती ते सांगायचे, असं आजही आमच्याकडे लग्नाकार्यात कोणीतरी सांगतंच. पणजोबांना पाहिलेलं आता कोणी उरलेलं नाही, त्यामुळे घोड्यांची संख्या दर लग्नात वाढते. अशा घरात मी जन्मले आणि सातव्या वर्षी माझ्या नाकावर चष्मा आला. दहावीपर्यंत तो मायनस सहा झाला आणि नोकरीला लागेपर्यंत मायनस नऊ. आत्या म्हणायच्या, "फौजेतल्या घरात हे कुठून आलं गं?" आई लगेच म्हणायची, "माझ्या माहेरी कोणाला नाही हं." म्हणजे मी बहुधा आभाळातूनच पडले होते.

मायनस नऊ म्हणजे काय, ते चष्मा नसलेल्यांना सांगून कळत नाही. मी चष्मा काढला की लोक समोर बोटं नाचवायचे आणि विचारायचे, "किती?" अहो, बोटं कळतात, बोटांचा मालक कळत नाही. माझं जग नाकापासून चार इंचांवर संपायचं. त्याच्या पलीकडे नुसते रंग, ओल्या कागदावर पसरलेल्या शाईसारखे. पण त्या चार इंचांच्या आत मला जे दिसतं ते दुसऱ्यांना दिसत नसावं, असा संशय मला लहानपणापासून होता. मुंगीची कमर, आईच्या साडीतला तुटलेला एकुलता एक धागा, स्वतःच्या अंगठ्यावरच्या रेघा आणि त्या रेघांवरची बारीक भोकं. तिथून घाम येतो हे मी शाळेत शिकायच्या आधी पाहिलं होतं. हे मात्र मला कधी कोणी विचारलं नाही.

या चार इंचांनीच मला नोकरी दिली. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, एका लहानशा कंपनीत मी मालाची तपासणी करायची. आम्ही पंपात बसणाऱ्या कार्बनच्या रिंगा बनवत असू. काळ्या, बांगडीहून लहान, घासून घासून आरशासारख्या केलेल्या. अशा रिंगेला केसाएवढी चीर राहिली तर पंप गळतो, आणि पंपातून नेहमी पाणीच जात असतं असं नाही. बाकीचे तपासणारे भिंग लावून बघायचे. मी चष्मा काढून टेबलावर ठेवायची, रिंग नाकासमोर धरायची आणि ट्यूबलाइटखाली एकदाच गोल फिरवायची. चीर असली तर ती मला नकाशावरच्या नदीसारखी दिसायची. आमचे साहेब गुजराती होते. नवा ग्राहक आला की ते त्याला माझ्या टेबलापाशी घेऊन यायचे आणि म्हणायचे, "आ अमारुं माइक्रोस्कोप." मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू?

रिंगांचा धाक मात्र मला घरातून होता. बाबा बाजव्याकडच्या एका कारखान्यात पंपांचे फिटर होते, नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांच्या उजव्या हाताची कातडी मनगटापासून कोपरापर्यंत चकचकीत आणि चुरगळलेली होती. तरुणपणी एकदा बाहेरून आलेली रिंग पंपात बसवल्यावर तडकली आणि आतलं गरम तेल त्यांच्या हातावर उडालं होतं. मी नोकरीला लागले त्या दिवशी त्यांनी पेढा खाल्ला, हात पुढे केला आणि म्हणाले, "तुझ्या टेबलावरून जे सुटेल ते कोणाच्या तरी अंगावर उडेल. एवढं ध्यानात ठेव." तेव्हापासून मी डोळ्यांत तेल घालून काम करत आले.

नवं शतक लागून एक-दोन वर्षं झाली होती. अलकापुरीत रोज एक नवं काचेचं दुकान उघडत होतं. पूर्वी जे परदेशातून येणाऱ्या पाहुण्याच्या बॅगेत असायचं ते आता रेसकोर्स रोडवर मिळत होतं. अशात एका सकाळी आईनं माझ्या डब्याखाली वर्तमानपत्राचं कात्रण ठेवलं. गुजराती जाहिरात होती. एक हसरी मुलगी चष्मा हवेत उडवत होती आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "चश्माने कहो आवजो!" म्हणजे चष्म्याला निरोप द्या. लेसरनं पंधरा मिनिटांत नंबर जाणार होता.

"बघ तरी," आई म्हणाली. त्या वर्षात दोन स्थळांकडून 'मुलगी चांगली आहे, पण' असा निरोप आला होता. 'पण'च्या पुढे काय ते दोघांनीही लिहिलं नव्हतं, आणि आमच्याकडे ते कोणी विचारलंही नव्हतं.

मला राग आला. कात्रण मी पर्समध्ये कोंबलं आणि बसमध्ये पुन्हा काढून वाचलं. मकरपुरा येईपर्यंत राग उतरला होता आणि कुतूहल चढलं होतं, ते काही उतरेना. डोळ्याचा पापुद्रा डब्याच्या झाकणासारखा उचलतात म्हणे, आत प्रकाशानं खरवडतात आणि झाकण परत लावतात. टाके नाहीत. मग झाकण राहतं कसं? मला हे समजून घ्यायचं होतंच. शिवाय मला दोन गोष्टी हव्या होत्या, ज्या मी कोणाला सांगितल्या नव्हत्या. एक म्हणजे सकाळी डोळे उघडल्याबरोबर छताचा पंखा दिसावा, उशाशी हात न चाचपता. आणि दुसरी म्हणजे बाबांचा पतंग.

बडोद्यात उत्तरायणाच्या, आपल्या संक्रांतीच्या, दिवशी सगळं गाव अगाशीवर, म्हणजे गच्चीवर, असतं. आमच्याकडे बाबा पतंग उडवायचे आणि फिरकी माझ्या हातात असायची. पतंग वर चढला की बाबा विचारायचे, "दिसतो का गं?" आणि मी म्हणायची, "दिसतो." हे खोटं मी पहिल्यांदा सहा वर्षांची असताना बोलले. शेजारच्या सगळ्या पोरांना दिसत होता, मग आपल्यालाही दिसायला हवा, एवढाच विचार. पुढे चष्मा आला, पण जाड काचेतून सगळं जग एक माप लहानच दिसतं. पतंग उंच गेला की आभाळात विरून जायचा. तोवर 'दिसतो' म्हणायची सवय जडली होती. दोरी कुठे वळली, बाबांचा खांदा कुठे झुकला, यावरून मी ठोकून द्यायची, "डावीकडे चाललाय, बाबा." बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. जन्मभर फिरकी धरली आणि एकही पतंग धड पाहिला नाही, ही गोष्ट मला वर्षातून एक दिवस फार टोचायची.

तेव्हा ठरवलं, की आधी चौकशी करायची. आमच्या कंपनीला तेव्हा नुकतंच ते आयएसओचं सर्टिफिकेट मिळालं होतं आणि आम्हाला फॉर्मांचा रोग लागला होता. कच्चा माल कोणाकडून घ्यायचा हे ठरवायलाही एक फॉर्म होता. मी त्याच धर्तीवर डोळ्यांच्या डॉक्टरांसाठी एक फॉर्म वहीत आखला. माप कोण घेतं आणि किती वेळा घेतं, मापाचं मशीन शेवटचं कधी तपासून घेतलं, नंतर काही बिघडलं तर बघणार कोण. आमच्या शॉपमध्ये माप घ्यायच्या प्रत्येक गेजवर तपासल्याच्या तारखेची चिकटपट्टी असते, नसेल तर ते गेज वापरायचं नाही. डोळा काय गेजपेक्षा हलका आहे? आणि सगळ्यांत शेवटी मी आमच्या धंद्यातला खरा प्रश्न लिहिला, 'तुम्ही किती जणांना परत पाठवता?' जो तपासणारा काहीच परत पाठवत नाही तो तपासत नाही, शिक्के मारतो.

जाहिरातवालं क्लिनिक अलकापुरीत होतं. बाहेर बूट काढायचे आणि आत एसी इतका, की माझ्या काचांवर वाफ धरली. एका गोड मुलीनं मला टीव्हीवर सिनेमा दाखवला, त्यात डोळा नव्हताच, नुसते डोंगर आणि धबधबे होते. मी चिकटपट्टीचं विचारलं तेव्हा तिला वाटलं मी डोळ्यावर लावायच्या पट्टीचं विचारतेय. "पट्टी नहीं लगती, बेन." परत पाठवण्याचं विचारलं तर म्हणाली, "ना रे, लगभग बधाने थई जाय," म्हणजे जवळजवळ सगळ्यांचं होतं. मग जवळचं कसं दिसेल म्हणून विचारलं. "बधुं ज चोख्खुं देखाशे." सगळंच स्वच्छ दिसणार होतं. डॉक्टर दोन मिनिटं आले. भला माणूस वाटला, पण त्यांच्या नाकावरच चष्मा होता. मला राहवेना. "तुम्ही का नाही केलंत?" ते हसले आणि म्हणाले, "मने तो फावी गयो छे," म्हणजे त्यांना त्याची सवय होऊन गेली होती. वाटेत मी विचार करत राहिले, की मलाही एकवीस वर्षांची सवय होती, माझी कोणी हिशेबात धरली नाही.

दुसरं ठिकाण छाणीच्या रस्त्यावर होतं. तिथे माणसं साधी होती आणि उत्तरं सरळ होती. मशीन त्यांचं स्वतःचं नव्हतं, महिन्यातून दोनदा टेम्पोतून अहमदाबादहून यायचं. मी विचारलं, "टेम्पोतून आल्यावर ते पुन्हा तपासून बघतं कोण?" कंपाउंडर म्हणाला, "त्यांचा माणूस बरोबर येतो." माणसाकडे काय असतं ते त्याला माहीत नव्हतं. छाणीचा तो रस्ता मला ठाऊक होता. त्या खड्ड्यांतून आमची रिंगही आम्ही भुश्यात गुंडाळल्याशिवाय पाठवत नसू. मी वहीत फुली मारली.

तिसऱ्या ठिकाणी मी जवळजवळ गेलेच नव्हते. काखेत कळसा म्हणतात तसं ते घरापासून दहा मिनिटांवर, दांडिया बाजारात होतं. जुन्या इमारतीत पहिला मजला, लाकडी बाकं. डॉक्टर पन्नाशीच्या गुजराती बाई होत्या, आणि शेजारपाजार सगळा आपल्या लोकांचा असल्यामुळे मराठी बोलायच्या. त्यांच्या मशीनवर चिकटपट्टी होती. मी वाकून तारीख वाचली तेव्हा त्यांनी मला वाचू दिली. परत किती जणांना पाठवता, यावर म्हणाल्या, "बरेच. मागच्या आठवड्यात एक मुलगी रडत गेली. तिचा बुबुळावरचा पडदा पातळ होता." माझा पडदा त्यांनी तीनदा मोजला. म्हणाल्या, "होऊ शकेल. पण काठावर पास आहे तुझं."

काठावर पास झालेला माल मला आवडत नाही, पण तो बाद नसतो हेही खरं. मी विचारलं, "मग करू?"

"तू दिवसभर काम काय करते?" त्यांनी उलट विचारलं. हे विचारणाऱ्या त्या पहिल्याच. मी सांगितलं. त्यांनी टेबलावरचं औषधाचं चिमुकलं पत्रक माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "चष्मा काढून वाच." मी नाकाला लावून खाली कोपऱ्यातला छापखान्याचा पत्ता वाचून दाखवला. बाईंनी पत्रक परत घेतलं, स्वतः भिंगाखाली बघितलं आणि खुर्चीत मागे टेकल्या. "हे जाईल," त्या म्हणाल्या. "लेसर केल्यावर तुला लांबचं दिसेल, आणि जवळचं सगळ्यांना दिसतं तेवढंच. हे चार इंच जातील, ते परत आणता येत नाहीत. तुला कोणी सांगितलं नाही?"

नव्हतं सांगितलं. इतके प्रश्न लिहून नेले होते, त्यात हा एक नव्हता.

बाईंनी मग एक युक्ती सुचवली. लेसरनंतर जसं दिसतं साधारण तसंच कॉन्टॅक्ट लेन्स घातल्यावर दिसतं. पंधरा दिवस लेन्स घालायच्या, घरी, बाहेर, कामावर. कामाच्या टेबलावर काढायच्या नाहीत. "पंधरा दिवस दुसऱ्याच्या डोळ्यांनी जगून बघ," त्या म्हणाल्या, "मग ये. मी कुठे पळत नाही." तेव्हा जानेवारीचा पहिला आठवडा होता. उत्तरायण त्या पंधरा दिवसांत येत होतं. मला एवढा आनंद झाला की मी फॉर्मची वही तिथेच बाकावर विसरून आले.

पहिले काही दिवस मी वेड्यासारखी बघत सुटले. सगळं मोठं झालं होतं. आईचा चेहरा स्वयंपाकघराच्या दारातून पूर्ण दिसायचा आणि ती इतकी दमलेली दिसते हे मला तेव्हा कळलं. न्यायमंदिराच्या माथ्यावर कबुतरं बसतात, ती मी बसच्या खिडकीतून वेगवेगळी मोजली. आमच्या समोरच्या बाल्कनीतल्या काकू रोज सकाळी माझ्याकडे बघून हात करतात, असं दिसलं. कित्येक वर्षं करत असणार आणि मी कधी उलट हात केला नव्हता. त्या मला काय समजत असतील! कामावर मात्र मी भिंग घेऊन बसायची आणि साहेब येता-जाता माझ्याकडे बघायचे. भिंगातून मान दुखायची. सवयीनं रिंग नाकापाशी जायची आणि तिथे नुसतं काळं धूसर काहीतरी दिसायचं. होईल सवय, मी मनाशी म्हणायची. मनातून माझं जवळजवळ ठरलं होतं.

उत्तरायणाला सकाळीच आईनं तिळगूळ हातावर ठेवला आणि आम्ही वर गेलो. वारा छान होता. बाबांनी हिरवा पतंग चढवला, त्यावर मधोमध पांढरा चांद होता. तो वर गेला, आणखी वर गेला, आणि मला दिसतच राहिला. चांदासकट.

"दिसतो का गं?" बाबांनी विचारलं.

"दिसतो!" मी ओरडलेच. "बाबा, दिसतो!" आयुष्यात पहिल्यांदा मी ते खरं बोलत होते.

तेवढ्यात उजवीकडच्या अगाशीवरून एक काळा पतंग आमच्या अंगावर आला. मी म्हटलं, "काळा येतोय, ढील द्या." बाबांनी ढील दिली, पण दोरी उजवीकडेच नेली, थेट काळ्याच्या तोंडात. क्षणात हिरवा सुटला. शेजारी थाळ्या वाजल्या, "काप्यो छे!" आमचा पतंग डावीकडे, देवळाच्या कळसाकडे हेलकावत खाली जात होता. आणि बाबा उजवीकडे बघत होते. रिकाम्या आभाळाकडे, डोळे बारीक करून. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

मी फिरकी खाली ठेवली. "बाबा, तुम्हाला पतंग दिसत नाही?"

ते सुटलेली दोरी गुंडाळू लागले. मग म्हणाले, "उन्हात नाही दिसत. संध्याकाळी बरं असतं."

"कधीपासून?"

"झाली दोन-तीन वर्षं. सगळं पांढरं होतं." ते हसले. "तू सांगतेस ना कुठे चाललाय ते. तुझ्यावरच चाललंय की."

मला हसू यायला हवं होतं. तीन वर्षं बडोद्याच्या आभाळात एक पतंग उडत होता आणि तो उडवणाऱ्या दोघांपैकी एकालाही दिसत नव्हता. पण मला इतकी लाज वाटली, की मी खाली बसून फिरकीवरचा गुंता सोडवत राहिले. गुंता नव्हताच. मी इतकी वर्षं ठोकून दिलेलं डावं-उजवं बाबा खरं धरून चालले होते. हे तेव्हा सांगायला मला तोंड नव्हतं.

मोतीबिंदू होता, हे उघड होतं. पण बाबा ऑपरेशनाला भीत होते. त्यांच्या आईचा एक डोळा फार पूर्वी गावाकडच्या कुठल्याशा शिबिरात ऑपरेशन करून कायमचा गेला होता. "तुझं होऊ दे," जेवताना ते म्हणाले. "तुझं नीट झालं की माझं बघू." आईनं लगेच देवाला हात जोडले. आता माझ्या लेसरवर माझं लग्न आणि बाबांचे डोळे, असं दोन्ही लटकलं होतं.

त्यानंतर चार दिवसांनी, दुपारी, माझ्या डाव्या डोळ्यात कार्बनची भुकटी गेली. लेन्स टोचायला लागली म्हणून मी ती बाथरूममध्ये जाऊन काढली आणि एक डोळा उघडा, एक लेन्सवाला, अशी टेबलावर परत आले. पास झालेल्या ट्रेमधली एक रिंग वर होती. मी ती का उचलली ते सांगता येणार नाही, हातालाच सवय. नाकासमोर धरली, उघड्या डोळ्यानं फिरवली, आणि नदी दिसली. बारीक, आतल्या कडेपासून निघालेली. मी स्वतः सकाळी भिंगाखालून पास केलेली.

त्या खेपेचे खोके टेम्पोत चढले होते. मी डिस्पॅचकडे धावले, एक डोळा मिटून, कारण दोन्ही उघडे ठेवले तर जमीन हलत होती. "ऊभा रहो! ऊभा रहो!" ड्रायव्हरनं गिअर टाकला होता. सगळे खोके उतरवले. मी दुसरीही लेन्स काढली आणि संध्याकाळपर्यंत एकेक रिंग पुन्हा नाकासमोर धरली. आणखी दोन सापडल्या. माझ्या डोळ्यांसमोर सारखा बाबांचा हात येत होता.

साहेबांना मी सगळं सांगितलं, लेन्सचंही. मला वाटलं ओरडतील. ते म्हणाले, "थाय, बेन. बधाथी थाय." होतं, सगळ्यांकडून होतं. त्यांनी मोठ्या मनानं म्हटलं होतं, पण ओरडले असते तर मला कमी लागलं असतं. सगळ्यांकडून होतं, आणि आता माझ्याकडूनही झालं होतं. पंधरा दिवस मी सगळ्यांसारखी होते, त्याचाच हा हिशेब होता.

मी दांडिया बाजारात गेले. बाईंनी माझा विसरलेला फॉर्म जपून ठेवला होता. मी विचारलं, "थोडा नंबर शिल्लक ठेवून करता येईल का? अर्धं अर्धं?"

"येईल ना," त्या म्हणाल्या. "मग चष्मा पण राहील आणि तुझी चीर पण जाईल."

मी बाकावर बसून हिशेब केला. बाईंनी घाई केली नाही. लेन्स सुटीच्या दिवशी घालता येणार होत्या, कामाच्या धुळीत नाही. पण सकाळचा पंखा गेला. पंधरा दिवस मी रोज झोपताना तो पंखा मनात फिरवून बघितला होता. मी म्हटलं, "नाही करत," आणि घरी येताना रिक्षात रडले. निर्णय बरोबर आहे हे ठाऊक असताना इतकं रडू का यावं, याचंही मला रडता रडता कुतूहल वाटलं.

आई म्हणाली, "आता स्थळांना मी काय सांगू?" मी म्हटलं, "सांग, मुलगी तपासून घेते." ती दोन दिवस बोलली नाही. (लग्न पुढे झालं, चष्म्यासकट. बघायला आला तेव्हा त्यानं विचारलं होतं, "चष्मा काढल्यावर काय दिसतं?" 'किती' नाही, 'काय'. पण तो विषय इथला नाही.)

बाबा मात्र खूश झाले. "तू नाही केलंस ना? मग मी का करू?"

"बाबा, माझा चष्मा काढला की मला काहीतरी दिसतं," मी म्हटलं. "तुमच्याकडे पांढऱ्याशिवाय काय आहे?"

त्यांनी पोळीचा तुकडा तसाच धरून विचार केला. "काही नाही," म्हणाले.

मी फॉर्म त्यांच्यापुढे ठेवला. तीन दवाखान्यांची चौकशी, फुल्या, चिकटपट्टीची तारीख, सगळं. फिटर माणूस, त्यांनी तो वहीला नाक लावून, उजेडात फिरवून, पूर्ण वाचला. मग माझ्याबरोबर आले आणि बाईंना एकच प्रश्न विचारला, "आत जो पार्ट बसवणार तो ओरिजिनल आहे ना?" बाईंनी त्यांना आत बसवायच्या लेन्सची डबी दाखवली. मग तपासलं, आणि परत पाठवलं. साखर जास्त होती, ती खाली आणल्याशिवाय हात लावणार नाही म्हणाल्या. जिना उतरताना बाबा म्हणाले, "नाही म्हणाली. म्हणजे बाई बरी आहे." दोन महिने त्यांनी चहात साखर घातली नाही. पावसाळ्याच्या आधी एक डोळा झाला, दिवाळीनंतर दुसरा. पहिल्या डोळ्याची पट्टी सुटली तेव्हा ते आधी स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिले. "एवढं भाजलं होतं?" म्हणाले.

पुढच्या उत्तरायणाला मी लेन्स घालणार होते, पण आदल्या आठवड्यात डोळा लाल झाला आणि बाईंनी त्या महिनाभर बंद केल्या. मी नेहमीचा चष्मा लावून, नेहमीची फिरकी घेऊन वर गेले. बाबांनी पतंग चढवला. तो काही वेळ दिसला, मग लहान झाला, मग आभाळच उरलं. बाबांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मान ताठ होती आणि दोरी जिथे जात होती तिथेच ते बघत होते.

"दिसतो का गं?"

"नाही दिसत," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "आधीही नव्हता दिसत, बाबा. ते गेल्या वर्षीचं सोडून. लहानपणापासून कधीच नाही. मी आपली सांगत होते."

शेजारच्या अगाशीवर कोणाचा तरी पतंग कापला गेला, थाळ्या वाजून थांबल्या. बाबांनी दोरीला दोन हलके झटके दिले आणि पुन्हा वर बघितलं.

"बरं," ते म्हणाले. "आता मला दिसतो. तू फिरकी सैल धर. देवळाच्या वर गेलाय, आणि अजून चढतोय."